लाँड्रीतले गुरुवार

वीबके दार ढकलून आत शिरली तेव्हा तिच्या खांद्यावर मळक्या कपड्यांचं भलंमोठं बोचकं होतं, केसांतून पाणी निथळत होतं, आणि आत... आत एकही कपडा धुतला जात नव्हता!

बाहेर तर चांगलं निळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं — लाँड्री. घरचं मशीन सकाळीच शेवटचा आचका देऊन बंद पडलेलं. आई म्हणाली, ओटेन्सनच्या कोपऱ्यावर एक जुनी लाँड्री आहे बघ. आणि हॅम्बुर्गचा एप्रिल म्हणजे काय सांगावं... छत्री उघडली की पाऊस थांबतो, मिटली की कोसळतो. वीबकेने तर छत्रीच आणली नव्हती.

आत लांबलचक टेबल, टेबलाभोवती लॅपटॉपमध्ये खुपसलेली डोकी. भिंतीला टेकून जुनी मशीनं रांगेत उभी होती खरी, पण एकाच्या पोटात मनीप्लांट वाढत होता.

"मोइन," कुणीतरी इकडच्या पद्धतीने नमस्कार केला. उंच, हडकुळा मुलगा. स्वेटरची एक बाही कोपरावर उसवलेली. "धुवायला काय आणलंयस?"

"कपडे," वीबके म्हणाली. "लाँड्रीत लोक आणखी काय आणतात?"

"इथे? इथे फोन आणतात. पासवर्ड आणतात. कुणी आपलं काय-काय चोरतंय याची भीती आणतात."

"मग पाटी का नाही बदलली?"

"लपायला बरी पडते," तो अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला. मग हसला. "खरं सांगू? आमच्याकडे शिडी नाहीये."

नेमकी तेव्हाच बोचक्याची गाठ सुटली. एक मोजा टुणकन उडून त्याच्या बुटापाशी पडला. पिवळा, त्यावर अननसं! त्याने तो दोन बोटांत उचलला.

"हे गोपनीय आहे का?"

"अत्यंत," वीबके लालबुंद होत म्हणाली. "बाबांचा आहे."

"मग मी काही पाहिलं नाही." आणि त्याने मान दुसरीकडे वळवून, न बघता, मोज्याची नीट घडी घालून तो तिच्या हातात ठेवला.

आता त्या लाँड्रीच्या जागी आइस्क्रीमचं दुकान आहे. गुलाबी खुर्च्या, पिस्त्याचा वास, आणि पाटी — बघा, शिडी शेवटी कुणालातरी मिळालीच! वीबके तिथून जाते तेव्हा पाय आपोआप हळू पडतात. त्या उन्हाळ्याचा एकही फोटो तिच्याकडे नाही, कारण लाँड्रीत फोटो काढायचा नाही असा नियम होता. आडनाव विचारायचं नाही, हा दुसरा. त्यामुळे जे काही आहे ते सगळं डोक्यात आहे, आणि डोक्यातलं वाऱ्यावर उडू नये म्हणून ती ते पुन्हा पुन्हा काढून बघते... अननसांच्या मोज्यापासून.

तर — पाऊस थांबेपर्यंत बस, असं तो म्हणाला. त्याचं नाव त्यार्क. ती बसली. पाऊस कधी थांबला ते तिला कळलंच नाही.

त्या दिवशी दर गुरुवारसारखी खुली बैठक होती. शेजारपाजारचे लोक आपापले फोन घेऊन यायचे आणि कुठलं ॲप वापरू, कुठलं नको, असं विचारायचे. त्यार्क समजावत होता. फुकट असेल तर खर्च कोण करतंय ते बघा. तुमच्या फोनमधले सगळे नंबर मागत असेल तर का मागतंय ते विचारा. तुमचा निरोप वाटेत त्या कंपनीलाही वाचता येतो का, की फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला? आणि ते ॲप आतून कसं बनवलंय हे बाहेरच्या जाणकारांना तपासू देतात का?

"आणि पलीकडच्यानेच वाचून सगळ्या वर्गाला दाखवलं तर?" वीबकेने विचारलं.

तिला विचारायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. गेल्या वर्षी तिने एका मैत्रिणीला, अगदी जिवाभावाच्या, एका मुलाबद्दल काहीतरी लिहिलं होतं. हळवं, वेडगळ, रात्रभर घोळवून लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते सगळा वर्ग एकमेकांना वाचून दाखवत होता. चाल लावून! त्यानंतर वीबकेने कुणालाही 'हो', 'नाही' आणि 'किती वाजता' यापलीकडे काही लिहिलं नव्हतं.

त्यार्क तिच्याकडे बघत राहिला. कीव नव्हती त्या नजरेत. कुणीतरी बरोब्बर प्रश्न विचारल्यावर मास्तर बघतात ना, तशी नजर.

"त्यावर कुठलंच ॲप नाही," तो म्हणाला. "कुलूप दाराला लावता येतं, माणसाला नाही. म्हणून आधी माणूस निवडायचा. ॲप नंतर."

"आणि माणूस कसा निवडायचा?"

"ते..." तो डोकं खाजवू लागला, "...ते अजून कुणी बनवलेलं नाही."

पुढच्या गुरुवारी वीबके पुन्हा गेली. घरचं मशीन दुरुस्त झालं होतं. तरी बोचकं घेऊन गेली.

"पुन्हा कपडे?" त्यार्क.

"लपायला बरं पडतं," वीबके म्हणाली.

त्याच गुरुवारी हार्म्सबाईंचा तो प्रसंग घडला. हार्म्सबाई म्हणजे सत्तरी ओलांडलेल्या, एल्बे नदीवरच्या फेरीबोटीत उभा जन्म तिकिटं तपासलेल्या, आणि आवाज असा की या काठावर बोलल्या तर पलीकडच्या काठावरचे लोक तिकीट काढून दाखवतील! त्यांच्या कॅनडातल्या नातवाने वाढदिवसाला थोडी डिजिटल नाणी पाठवली होती. ती ठेवायला वॉलेट हवं होतं.

"दोन तऱ्हा आहेत, हार्म्सबाई," त्यार्क सांगत होता. "एक, दुसऱ्याच्या तिजोरीत ठेवायचं. तुम्ही किल्ली विसरलात तरी तो दार उघडून देतो. पण तोच पळाला तर..."

"माझा दुसरा नवरा तसाच होता. पुढचं सांग."

"दुसरी तऱ्हा, आपल्याच कपाटात ठेवायचं. कुणी नेणार नाही. पण त्याचे बारा गुप्त शब्द असतात. ते हरवले तर देवालाही उघडता येत नाही. आणि ते दुसऱ्या कुणाला कळले की संपलं, सगळं त्याचं."

"मग कपाटच बरं," हार्म्सबाई म्हणाल्या. चष्मा चढवला, त्यार्कने सुरू करून दिलेल्या छोट्या वॉलेट-यंत्राचा पडदा डोळ्यांजवळ धरला, आणि... फेरीबोटीतल्या आवाजात वाचायला लागल्या, "कुंपण! बदक! शिंपी! —"

"हार्म्सबाई, नाही!!"

आणि मग जे झालं ते त्या लाँड्रीतच होऊ जाणे. गुप्त गोष्ट चुकून कानावर पडायला लागली की सगळ्यांनी कानांत बोटं घालून मोठ्याने गायचं, हा तिथला रिवाज. दाढीवाले बाप्ये, चष्मेवाल्या पोरी, सगळे एकाच वेळी वेगवेगळी गाणी बेसूर गाऊ लागले. वीबकेला हे कुठलं माहीत! ती तशीच उभी राहिली... आणि मागून दोन हात आले आणि तिच्या कानांवर टेकले.

थंड होते ते हात. मग हळूहळू ऊबदार झाले. जग एकदम शंखात ठेवल्यासारखं झालं. घूं... घूं... तिने मान वर करून बघितलं तर त्यार्कचे ओठ हलत होते. तो गात नव्हता. काहीतरी म्हणत होता. एकच वाक्य.

"काय म्हणालास?" हात निघाल्यावर तिने विचारलं.

"मी? कधी?"

"आत्ता!"

"गात होतो," तो म्हणाला, आणि त्याचे कान अननसासारखे नाही, पण पिकल्या टोमॅटोसारखे नक्की झाले.

हार्म्सबाईंना वॉलेट पुसून नवे शब्द घ्यावे लागले. या वेळी न्हाणीघरात बसून, दाराला कडी लावून.

मे महिन्यात वीबकेने एक निर्णय घेतला. "मला ते निरोपांचं, मधे कुणाला वाचता न येणारं ॲप घालून दे," ती म्हणाली. "मला पुन्हा लिहायचंय. कुणालातरी."

"कुणाला?"

"माणूस निवडलाय. ॲप नंतर, असं तूच म्हणालास."

मग दोघं मनीप्लांटच्या मशीनला टेकून जमिनीवर बसले. दोघांच्या फोनवर एक लांबच लांब सुरक्षा-क्रमांक आला. तो एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवायचा. दोन्हीकडे तोच असेल तर मधे कुणी चोर बसलेला नाही. पाच आकडे त्याने वाचायचे, पुढचे पाच तिने. आकडेच ते... पण आकडे वाचतानाही कुणाचा आवाज असा हलका होऊ शकतो? तिच्या 'सात'ला तो हसला. त्याच्या 'शून्या'वर तिची नजर वर गेली आणि तिथेच राहिली. आकडे संपले तेव्हा दोघांनाही वाटलं, आणखी असते तर...

"एक लक्षात ठेव," तो म्हणाला. "हा क्रमांक कधी बदलला तर समोरचा मी आहे असं धरायचं नाही. मी कितीही गयावया केली तरी. आवाज ऐकवला तरी. आवाज तर मशीनही काढतं." ते खरंच होतं, त्याने एकदा लॅपटॉपला हार्म्सबाईंच्या आवाजात बोलायला लावलं होतं, आणि निम्म्या लोकांनी खिशात तिकीट शोधलं होतं! "समोरासमोर भेटून, क्रमांक वाचून, मगच. कबूल?"

"कबूल. आणि निरोप आठवड्याने आपोआप पुसले जाऊ देत."

"सगळे?"

"सगळे. लक्षात राहायचं ते राहील."

आणि राहिलं ना! 'पुलावर आहे, वारा तुझ्या दिशेने येतोय, काही पाठवू का?' हे राहिलं. 'दालचिनीचा पाव अर्धा ठेवलाय, अर्धा तू उशीर केलास म्हणून खाल्ला' हेही. फेरीबोटीच्या वरच्या डेकवर दोघं एकाच रेनकोटाखाली बसले, आणि गुपचूप टपून बसलेल्या एका सीगलने त्याचा मासळीचा पाव हातातून पळवला, तेव्हा तो म्हणाला, "बघ, खुल्यावर ठेवलं की असं होतं." ती हसून हसून रडली. दर दोन दिवसांनी ती विचारायची, 'तेव्हा काय म्हणाला होतास?' आणि तो लिहायचा, 'गात होतो.'

ऑगस्टात त्यार्क गेला. फ्यौर बेटावर, मामाच्या होड्या बांधायच्या कारखान्यात काम शिकायला. निरोप रोज येत राहिले, त्यांना लाकडाच्या भुशाचा वास येतो असं तिला उगीचच वाटायचं. आणि सप्टेंबरच्या शेवटी एका संध्याकाळी वीबकेने ठरवलं, आता लिहायचंच. जे वर्षभर कुणाला लिहिलं नव्हतं ते. हळवं, वेडगळ, सगळं. लिहिलंही. बोट 'पाठवा'वर ठेवलं...

आणि पडद्यावर राखाडी ओळ उमटली. *त्यार्कबरोबरचा तुमचा सुरक्षा-क्रमांक बदलला आहे.*

पाठोपाठ निरोप. 'मी आहे. फोन समुद्रात पडला. हा नवा फोन. तू कशी आहेस?'

फोन पडला, हा नवा... आईला गेल्याच महिन्यात अस्साच निरोप आला होता, 'आई, माझा फोन बिघडला, हा माझा नवा नंबर.' वीबके शेजारी बसून जेवत होती म्हणून आई वाचली.

'तू त्यार्क आहेस कशावरून?' तिने लिहिलं.

'विचार काहीही. फक्त मलाच माहीत असलेलं.'

तिला एकच गोष्ट सुचली. लाँड्रीतलं ते वाक्य. पण ते इतकं त्याचं एकट्याचं होतं की उत्तर आलं तरी खरं की खोटं हे तिला कुठून कळणार! ती फोनकडे बघत हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं. लिहिलेलं सगळं तिने खोडून टाकलं. चुकून जरी भलत्याच्या हाती पडलं असतं, तर पुन्हा ते वाचन, पुन्हा ती चाल...

चार-पाच दिवस ती काहीच बोलली नाही. पलीकडून विनवण्या आल्या, मग एक रुसवा आला, आणि मग हे —

'बरोबर करत्येस. मीच शिकवलं आणि मीच विसरलो. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. मी रोज संध्याकाळच्या बोटीला धक्क्यावर उभा असतो. एवढंच.'

गुरुवारी तिने हे हार्म्सबाईंना दाखवलं. बाईंनी चष्म्यावरून बघितलं.

"आकड्यांचं राहू दे, मुली. तुला भीती कसली वाटत्ये? तो नसेल याची?"

"नाही..." वीबके बोचक्याची गाठ सोडत-बांधत म्हणाली. "तोच असेल याची. तो असला तर मला ते बोलावं लागेल."

"हात्तिच्या! मग शरदाची सुट्टी कधी लागत्ये? अनोळखी माणसाला भेटायला एकटीने जायचं नसतं. मी येते. आणि बोटीवर तिकीट मी काढणार नाही, सांगून ठेवते. जन्मभर लोकांची तपासली, आता कुणी माझं तपासून दाखवावं!"

(काढलं. वीबकेने गुपचूप.)

बोट फ्यौरला लागली तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. समुद्र ओसरून चिखल चांदीसारखा चमकत होता. धक्क्याच्या टोकाला कुणीतरी उभं होतं. उंच, हडकुळं, स्वेटरची एक बाही कोपरावर उसवलेली... वीबकेचे पाय पळायला निघाले. पण ती थांबली. दोन हात अंतरावर. फोन पुढे केला.

"आधी क्रमांक," ती म्हणाली.

त्यार्कने मान डोलवली. त्याच्या केसांत लाकडाचा भुसा होता. त्याने पाच आकडे वाचले. तिने पाच. वारा आकडे ओढून नेत होता, म्हणून तो एक पाऊल जवळ आला. पुन्हा पाच. ती एक पाऊल जवळ. शेवटचे आकडे तर कुजबुजूनच झाले.

"जुळला," तो म्हणाला.

"जुळला."

"अख्खा उन्हाळा गेला गं. आठवड्याच्या आधीचं तू पुसायला लावलंस, उरलेलं फोनबरोबर बुडालं, आणि मी नक्कल ठेवत नाही कुठे. तुझं एक अक्षर उरलं नाही माझ्याकडे."

"लक्षात काय राहिलं?"

"'वारा पाठव, पण दुमडून पाठव.'" तो एका दमात म्हणाला. "'आज भूगोलाच्या तासाला मी एका बेटाचं चित्र काढलं, ते कुठलं ते विचारू नकोस.' आणि —"

"पुरे," वीबके म्हणाली, कारण डोळे भरून आले होते. "आता सांग. लाँड्रीत काय म्हणाला होतास?"

तो बुटांकडे बघायला लागला. कान पिकले. "म्हणालो होतो... या बाई दर गुरुवारी चुकू देत."

वीबकेला आधी कळलं नाही. मग कळलं. बाई चुकल्या की गुपित फुटतं, गुपित फुटलं की कान झाकावे लागतात... ती बघतच राहिली. तोही. आता पुढचं कुणीतरी बोलायला हवं होतं. आणि दोघंही अशी वेडी, की दोघंही समुद्राकडे बघायला लागली! सीगल ओरडून गेला. बोटीचा भोंगा वाजला.

"कुंपण!" मागच्या बाकावरून फेरीबोटीतला आवाज गरजला. "बदक! शिंपी! —"

"हार्म्सबाई!!" त्यार्क किंचाळला, आणि विचार करायच्या आत, सवयीने, त्याचे दोन्ही हात वीबकेच्या कानांवर होते.

घूं... घूं... तोच शंख. तीच ऊब. भुशाने खरखरीत झालेली, पण तीच. त्याचे ओठ पुन्हा हलले. एकच वाक्य.

या वेळी मात्र वीबकेने त्याची मनगटं धरली आणि हात अलगद बाजूला केले.

"परत म्हण," ती म्हणाली. "कान उघडे आहेत."

आणि त्याने म्हटलं. भर धक्क्यावर, भर वाऱ्यात, कसलंही कुलूप न लावता. "मला तू आवडतेस, वीबके. फार." आणि तिने जे लिहून खोडलं होतं ते सगळं — हळवं, वेडगळ, एकही शब्द न गाळता — त्याला तोंडी म्हणून दाखवलं. त्याने ते कुणाला सांगितलं नाही. आजतागायत नाही.

परतीच्या बोटीत ती वरच्या डेकवर बसली. धक्क्यावरची उंच आकृती ठिपका होईपर्यंत हात हलवत होती. मग एकदम आठवून वळली.

"हार्म्सबाई! तुमचे शब्द! भर धक्क्यावर ओरडलात तुम्ही... नातवाची नाणी!"

हार्म्सबाईंनी पिशवीतून मासळीचा पाव काढला, सीगलकडे एक जरबेची नजर टाकली, आणि शांतपणे घास घेतला.

"ते जुने शब्द गं," त्या म्हणाल्या. "लाँड्रीतले. नवे मी कुणाला सांगत्ये होय?"

वीबकेने दोन्ही हात आपल्या कानांवर ठेवले. कान अजून ऊबदार होते.